पैसे येण्यासाठी पैसे पाठवणारी माणसं

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी गमतीदार सांगावं अशी लोकांची अपेक्षा असते. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच सांगितलं, "ताई, काउंटरवरच्या गमतीजमती लिहा. फार गंभीर नको." मी बरं म्हटलं. मग कागद घेऊन बसले आणि लक्षात आलं, की नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्यांना गमती म्हणू शकेन, त्यातल्या प्रत्येक गमतीच्या शेवटी कुणाचे तरी पैसे गेले होते, नाहीतर जाता जाता राहिले होते. तेव्हा हसू येईल तिथे वाचकांनी हसावं. माझी हरकत नाही. मला मात्र त्या वेळी हसू आलं नव्हतं, वैताग आला होता, आणि लिहिताना तो पुन्हा येतो आहे.

घरात सध्या लिहायला शांतता भरपूर आहे. ती मी मागितली नव्हती. माझे यजमान यंदा चैत्रात गेले. शाळेत शिक्षक होते, गाव त्यांना सर म्हणायचं, आणि हळूहळू मीही सरच म्हणू लागले होते.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नागावच्या आसपास आमची शाखा होती. नेमकं गाव सांगत नाही, कारण या लेखातली माणसं अजून तिथेच राहतात आणि मलाही मासळी घ्यायला त्याच बाजारात जावं लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या असणारे, होमस्टे चालवणारे, कोळणी, उरणच्या बंदरात कंटेनरचे ट्रेलर चालवणारे, आखातातून ज्यांना पैसे येतात अशा घरांतल्या बायका, असे आमचे खातेदार. पैशाच्या बाबतीत ही सगळी माणसं चिवट. नारळ घेताना कानाशी हलवून पाणी वाजतं का बघतील. सुरमई घेताना कल्ला उघडून बघतील. आणि हीच माणसं, ज्याला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही अशा माणसाला, त्याने फोनवर 'नमस्कार सर' म्हटलं म्हणून, पासबुक रिकामं करून पैसे पाठवायला तयार होत. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. थोडंसं सापडलं, ते पुढे सांगते.

आधी धंद्यातली एक साधी गोष्ट. बँकेतून पैसे पाठवताना स्लिपवर आपण समोरच्याचं नाव लिहितो. लोकांना वाटतं, बँक ते नाव तपासून पैसे देते. माझ्या वेळी तसं नव्हतं. पैसे खाते क्रमांकाकडे जात. नावाच्या जागी 'मुख्य विमा कार्यालय' लिहा नाहीतर 'श्री गणेशाय नमः' लिहा, क्रमांक बरोबर असला की पैसे पोचले. हल्ली समोरच्या खात्याचं खरं नाव आधी दाखवण्याची सोय झाली आहे. चांगली आहे. पण मोह असा, की विमा कंपनीच्या जागी कुणा भलत्याचंच नाव दिसलं तरी लोक म्हणतात, "साहेबांचा माणूस असेल." ते खातं बहुतेक वेळा भाड्याचं असतं. कुठल्यातरी गरजू माणसाने थोड्या पैशांसाठी आपलं पासबुक आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं. आपले पैसे तिथे चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबत नाहीत, तिथून आणखी चार खात्यांत पांगतात. आपण धावत तक्रार करेपर्यंत तिकडे रिकामं भांडं उरतं. लगेच कळवलं तर कधीकधी काही अडवता येतं. पण लगेच कोण कळवतो? लोक आधी दोन दिवस लाजण्यात घालवतात.

आणि बँकेचा माणूस नाही म्हणू शकत नाही, ही दुसरी गोष्ट. पैसे खातेदाराचे, सही खातेदाराची. क्लार्कने नोंद करायची आणि मी मंजूर करायचं, एवढंच माझं काम. मी समजावू शकत होते, डोळे मोठे करू शकत होते. 'तुमचे पैसे तुम्हाला देणार नाही' असं म्हणू शकत नव्हते.

म्हणून आमच्या शाखेत एक रीत पडली होती. समुद्रकाठच्या बँकांत एक वाक्य असं आहे, की ज्यावर कोणीही शंका घेत नाही: लिंक नाही. वारा सुटला, लिंक गेली. रस्ता खोदला, लिंक गेली. काहीच झालं नाही, तरी लिंक गेली. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की आमचा क्लार्क प्रकाश स्क्रीनकडे बघून कपाळाला हात लावायचा, "आईशप्पथ, गेली परत!" मग समोरचा माणूस आमच्यावर चिडायचा, सरकारवर चिडायचा, आणि घरी जायचा. चोराला घाई असते. त्याला आज, आत्ता, फोन न ठेवता पैसे हवे असतात. मधे एक रात्र गेली, घरात कुणाच्या तरी कानावर पडलं, की निम्मी माणसं वाचत. हे नियमात बसतं का, असं कृपा करून विचारू नका. मी निवृत्त झाले आहे.

आता शरद राऊत. नागावात वाडी, वाडीत होमस्टे. एके दिवशी आनंदाने घामाघूम होऊन आले.

"मॅडम, अख्खी वाडी बुक झाली. मिल्ट्रीचे मेजर आहेत, पंचवीस जवान घेऊन येतायत. तेवढे पैसे पाठवायचेत त्यांना."

"त्यांना? ते तुम्हाला देणार ना?"

"देणारच. पण मिल्ट्रीची सिस्टीम वेगळी असते. आधी आपण पाठवायचे, मग ते डबल करून पाठवतात."

प्रकाश मान वर न करता म्हणाला, "कुठल्या देशाची मिल्ट्री, शरदभाऊ?"

"तू गप रे. मॅडम, खात्रीला थोडे पाठवले होते सकाळी, डबल आले. हे बघा."

"ती गळाला लावलेली कोळंबी आहे," मी म्हटलं. "तो मिल्ट्रीतला आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यानेच! युनिफॉर्ममधला फोटोपण पाठवलाय. देशासाठी लढणारा माणूस खोटं बोलेल का?"

मी चष्मा काढला. लिंक गेली. शरदभाऊ तणतणत गेले. संध्याकाळपर्यंत मेजरसाहेबांनी फोनवर अशी काही भाषा वापरली, की शरदभाऊंची देशभक्ती जागच्या जागी थंड झाली. पण ते माझे आभार मानायला आले असं समजू नका. जवानांसाठी सांगून ठेवलेली सुरमई अंगावर पडली म्हणून ते चिडले होते. आणि पुढच्या हंगामात तेच शरदभाऊ, तोच खिडकीजवळचा बाक, तोच आनंदी घाम. मी म्हटलं, "अहो, मागच्या वर्षी काय झालं होतं?"

तर म्हणाले, "ती आर्मी होती मॅडम. ही नेव्ही आहे."

अशा माणसांवर रागावणं सोपं असतं, कारण ती लोभाने फसतात असं आपल्याला वाटतं. पण आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक लोभी नव्हते. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी व्हरांडा शांत व्हायचा, असे. एकदा इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले, खिशात मोबाइल उभा, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. सगळी ठेव मोडून एका खात्यात पाठवायची होती. कारण विचारलं तर म्हणाले, "घरगुती." आवाज त्यांचा नव्हता. मी स्लिपच्या मागे लिहिलं, 'सर, फोनवर पोलीस आहेत का?' आणि स्लिप पुढे सरकवली. त्यांनी पापण्यांनी हो म्हटलं.

प्रकाशने चहा देण्याच्या निमित्ताने त्यांच्या खिशातला फोन काढला आणि बंद केला. मुख्याध्यापक उठून उभे राहिले. "तुम्ही परवानगीशिवाय फोन बंद केलात! आता मला अटक होईल." कुणीतरी व्हिडिओवर वर्दी घालून बसला होता, आणि तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, आता तुम्ही अटकेत आहात, फोनसमोरून हलायचं नाही, असं सांगत होता. मुख्याध्यापक लघवीला जायलासुद्धा त्या चोराची परवानगी मागत होते. फोनवर अटक होत नाही. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस कधीही 'पैसे या खात्यात ठेवा, तपासून परत करतो' म्हणत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण तो फार शुद्ध बोलत होता हो." ज्यांनी आयुष्यभर नियम पाळले, त्यांना नियमाचा आवाज काढून कोणीही हाकू शकतं. चोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, हे काही मला सहन होत नाही.

पण मला लिहायचं आहे ते पुष्पा घरत यांच्याबद्दल.

त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या पट्ट्यात माणूस बॅनरशिवाय मरत नाही. श्वास थांबला की घरातला कोणीतरी पुतण्या अलिबागला जाऊन फ्लेक्स छापून आणतो. हसरा फोटो, मागे ढग किंवा समुद्र, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं. माणूस हयात असताना त्याच्याशी न बोलणारेही त्यात असतात. तोच फोटो गावाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर जातो. दहाव्याला, बाराव्याला लोकांनी यावं म्हणून घरच्यांचा मोबाइल नंबरही त्यावर असतो. म्हणजे मेलेल्याचं नाव, त्याला घरात काय म्हणत ते कंसात, बायकोचं नाव, मुलांची नावं, आणि संपर्काचा नंबर. चोराला अजून काय हवं? त्याचा निम्मा अभ्यास आपणच करून देतो, तोही रंगीत छापून. मी हे कितीदा सांगितलं. लोक म्हणत, "मॅडम, नंबर नसला तर लोक वाट विचारणार कोणाला?" जशी काय घरत आळी लंडनमध्ये आहे.

पुष्पाताईंचे यजमान नामदेव घरत, आप्पा, उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायचे. स्वतःच्या मालकीची गाडी, कर्ज फेडून मोकळी केलेली. गाडीतच छातीत कळ आली आणि गेले. मूलबाळ नव्हतं. पुष्पाताईंनी गाडी विकली आणि पैसे आमच्याकडे ठेव म्हणून टाकले. घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, त्यावर पुढचं आयुष्य काढायचं, असा बेत. एवढंच त्यांच्याकडे होतं.

बारावं होऊन फार दिवस झाले नव्हते. पुष्पाताई शाखेत आल्या त्या फोन कानाला लावूनच. हे पहिलं लक्षण. माणूस बँकेत येतो, स्लिप भरतो, सही करतो, पण फोन ठेवत नाही, कारण पलीकडच्याने बजावलेलं असतं, ठेवू नका.

"मॅडम, माजी एफडी मोडा. हे खात्यान पाठवायचेत." त्यांनी पिशवीतून पावती काढली. तळहातावर पेनाने खाते क्रमांक लिहिलेला होता.

"सगळी?"

"हाव. इम्याचे हापिसातले साहेब हात. आप्पान माजे नावानं इमा काढलेला, मना न सांगता. त्याचा टॅक भरला का सगले पैसे मना भेटतील."

मी म्हटलं, "पुष्पाताई, फोन जरा बाजूला ठेवा."

"नको. ते बोल्ले ठेवू नको."

"बरं. विमा आहे हे तुम्हाला कशावरून पटलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी मठ्ठ आहे. "त्याना म्हाईत हाय का ह्याना आप्पा बोलतात. माजा नाव म्हाईत हाय. कंच्या दिशी गेले त्या पन म्हाईत हाय."

"ते सगळं नाक्यावरच्या बॅनरवर आहे हो. मी रोज येता-जाता वाचते. मलाही माहीत आहे."

"मंग तुमी कनाला फोन नाय केलात?" त्या फटकन म्हणाल्या.

प्रकाशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मी समजावलं. ज्याला आपल्याला पैसे द्यायचेत तो आपल्याकडे पैसे मागत नाही. विम्याचा कर आपण वेगळा पाठवायचा नसतो. खऱ्या कार्यालयात मी स्वतः तुमच्याबरोबर येते, उद्याच जाऊ. पुष्पाताईंचा चेहरा आवळत गेला. "मॅडम, तुमी माजे पैसे अडवून ठेवताव. बाईमानूस बगून. आप्पा असता तं तुमची हिंमत नसती झाली." बँकेत गर्दी होती, सगळे बघायला लागले. मी चष्मा काढला. प्रकाशने कपाळाला हात लावला. त्या फोनवर म्हणाल्या, "साब, इदर लिंक नाय हाय," आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या.

साधारणपणे रात्र मधे गेली की माणूस निवळतो. दुसऱ्या दिवशी शटर वर जात होतं तेव्हा पुष्पाताई पायरीवर बसलेल्या होत्या. फोन हातात, पण कानाला नव्हता. मी त्यांना आत नेलं, दार लोटलं. माझा संयम तोवर संपला होता. मी म्हणाले, "तुमच्या आयुष्याचे पैसे आहेत हे. एका आवाजावर उधळताय? तो भामटा आहे, हे तुम्हाला दिसत कसं नाही?"

त्या पदराने तळहात पुसत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "दिसतंय मना. काल रातचाच कलला."

"मग?"

"मॅडम, आप्पान जलमभर माजा नाव घेतला नाय. 'आयकलंस का' बोलायचा. चांगला जेवन केला तरी बोलायचा नाय, वाईट केला तरी बोलायचा नाय. मूल झाला नाय त्याबद्दल बोल्ला नाय. मना कदी समजलाच नाय त्याला मी पायजे व्हते का नको व्हते. आन हा मानूस फोनवर बोल्ला, 'आप्पाजी कहते थे, मेरे बाद मेरी पुष्पा को तकलीफ नहीं होनी चाहिए.'" त्या थांबल्या. "आप्पा आसा बोलनार नाय, ह्या मना म्हाईत हाय. पन एकदा आयकला ना. परत परत आयकावासा वाटते. म्हून मी त्याला फोन करते."

फसवणुकीबद्दल बँकेची परिपत्रकं येत, चित्रांसकट. त्यात पासवर्ड सांगू नका होतं, लिंक उघडू नका होतं. यासाठी काही नव्हतं. समोरची बाई अडाणी नव्हती, लोभी नव्हती, घाबरलेलीही नव्हती. तिला किंमत माहीत होती आणि ती देऊन एक वाक्य विकत घ्यायला ती पायरीवर बसली होती. आणि मी बँकेची नोकर, तिने सही केली तर मला ते पैसे पाठवावेच लागणार होते.

इतक्यात फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घ्या. स्पीकर लावा. एकच प्रश्न विचारा त्याला. तुझी फी, तुझा कर, जे काय असेल ते त्या विम्याच्या पैशांतूनच कापून घे आणि उरलेले पाठव. एवढंच विचारा. मग तुम्ही म्हणाल तसं करू." हा प्रश्न मी खूप जणांना शिकवला आहे, वाचकांनीही शिकून ठेवावा. खरा असेल तर तो कापून घेईल. खोट्याला कापायला काही नसतंच.

तो गोड आवाजात सुरू झाला, "पुष्पाजी, पैसा निकला क्या?"

"साब, तुमारा टॅक उसमेंसेच काटो ना. बाकीका मेरेकू भेजो."

"मॅडम, ऐसा सिस्टम में नहीं होता."

"कायको नाय होता? हमारा ट्रक बेचा ना, तो दलालने उसका पैसा उसमेंसेच काटा. वो तो अंगूठाछाप था, उसको जमा. तुमारा इतना बडा हापिस, तुमको नाय जमता?"

मी पुष्पाताईंकडे बघत राहिले. ट्रक विकताना दलालाशी भांडलेली बाई एकदम खुर्चीत आली होती. तो कायदे सांगू लागला, त्या प्रत्येक वेळी तेच म्हणाल्या, "उसमेंसेच काटो." शेवटी आवाजातली साखर संपली. त्याने आप्पांना शिवी दिली. 'भिकारी मेला आणि बायकोला भिकारी करून गेला' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बाहेर प्रकाश पैसे मोजायचं मशीन लावत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. पुष्पाताईंनी पावती घडी करून पिशवीत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या एफडी," त्या म्हणाल्या. दाराशी जाऊन थांबल्या. "कालपरेंत आप्पा वाईच व्हता. आता परत नाय."

पैसे वाचले होते. जाहीर सांगण्यासारखी ही माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली कामगिरी, आणि प्रकाशने त्या दिवशी सगळ्यांना वडापावही आणला. मी खाल्ला नाही. मी एका चोराला हरवलं होतं, आणि एका बाईजवळ असलेली एकुलती एक प्रेमाची गोष्ट खोटी ठरवून दाखवली होती. दोन्ही एकाच वाक्यात. ती खोटीच होती, ती ठरवायलाच हवी होती, मी पुन्हा तेच करीन. तरी.

पुढे पुष्पाताई खोल्यांच्या कामासाठी पैसे काढायला येत. वीट, पत्रा, प्लंबर यांबद्दल बोलत. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोललो नाही. मग मी निवृत्त झाले.

यंदा सर गेले. मी आधीच बजावलं होतं, बॅनर नको, नंबर तर मुळीच नको. सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा नंबर त्यांच्या गटावर टाकलाच, प्रेमाने. बाराव्याच्या आधीच दुपारी फोन आला. "मॅडम, सर ने आपके नाम से एक छोटी सी पॉलिसी रखी थी." मी आयुष्यभर ज्या फोनबद्दल लोकांवर ओरडले, तो हा फोन. मला पहिल्या शब्दाला कळलं. मी तो तत्क्षणी ठेवायला हवा होता. आणि मी विचारलं, "सर काय म्हणाले होते?"

"सर आपकी बहुत तारीफ करते थे, मॅडम."

सर माझी तारीफ करत असतील, तर मी ती कधी ऐकलेली नाही. आमच्या घरात पुस्तकांबद्दल खूप बोलणं व्हायचं, एकमेकांबद्दल नाही. मी फोन ठेवला, नंबर जिथे कळवायचा तिथे कळवला, आणि मग स्वतःवर इतकी वैतागले की चहासुद्धा करवेना. शुद्धीवर असलेल्या, नियम पाठ असलेल्या माणसानेही त्या आवाजाला एक प्रश्न विचारावा!

काही दिवसांनी पुष्पाताई भेटायला आल्या. हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा आणि वालाच्या बिरड्याचा डबा. सुतकाच्या घरात लोक जसं हळू बोलतात तसं त्या बोलल्या नाहीत.

"फोन आयला का तुमाला?"

"आला."

"ठेवलात ना?"

"ठेवला. जरा उशिरा ठेवला."

त्या माझ्याकडे बघून मान हलवत राहिल्या. मग भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमाला एक सांगायचा ऱ्हायला. त्या दिशी बँकेतून निंगाले ना, तं घरी नाय गेले. उरनला गेले."

"उरणला? कशाला?"

"जिथं आप्पा गाडी लावायचा, तिथं. सगले डायवर बसलेले चा पीत. मी सरल विचारला, आप्पा माजेबद्दल काय बोलायचा? तं सगले हसाय लागले. बोल्ले, 'काकी, आप्पा बोलायचा कदी? त्याचे तोंडातून शब्द काडाला पाना लागायचा!'" त्या स्वतःच हसल्या. "मी निंगाले. तं एक डायवर मागून आयला. बोल्ला, 'काकी, एक हाय. आप्पा सगल्यांचे फोन चालते गाडीत घ्यायचा. एजंटचा घ्यायचा, कस्टमवाल्याचा घ्यायचा. तुमचा आयला का गाडी साइडला घ्यायचा. येवडा मोटा ट्रेलर, पाटीमागं सगले हॉरन मारायचे, शिव्या द्यायचे, पन साइडला घेऊन, बंद करून, मंगच उचलायचा. आमी चिडवायचो, आयली वाटते तुजी पोलीस.'"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आन मी काय करायची म्हाईत हाय?" पुष्पाताईंचा आवाज चढला. "मना वाटायचा हा मानूस फोनच उचलत नाय! किती रिंगा जायच्या. उचलला का मी पयली शिवीच घालायची, येवडा टायम काय करत व्हतास म्हून. तो बोलायचा, 'आयकतंय, बोल.' बस. सांगाला काय झालेला त्याला? एक शब्द. गाडी बाजूला घेतंय, येवडा बोलला असता तं त्याचा काय जात व्हता? जलमभर मी शिव्या घातल्या त्याला, आन तो गप!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग तोच रागाने झटकला. "मेला."

भाकऱ्या गार होत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सर सांजचे कुठं बसायचे?"

"वाचनालयात. कॅरम खेळायचे. तिघं-चौघं असतात."

"त्यानला विचारलात काय?"

"काय विचारू, पुष्पाताई? तिथे जाऊन असं कसं विचारणार?"

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक भाकरी माझ्या हातात ठेवली आणि वैतागून म्हणाल्या, "जावा नि विचारा ना, मॅडम. त्या लोकांना काय पैसे पाठवाला लागत नाय."